सहा मतांच्या राज्यात नागरिकांची मते अडवू नका

माननीय श्री. पॉल पेट,
सेक्रेटरी ऑफ स्टेट, आयोवा

सप्रेम नमस्कार.

मी स्कॉट काउंटीत राहणारा मराठी माणूस, शपथ घेऊन अमेरिकन नागरिक झालेला. ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीच्या कामानिमित्त पुण्याहून मिसिसिपीकाठच्या या गावांत आलेली आमची बरीच घरे आहेत. मका-सोयाबीनच्या या राज्यात एका मताची किंमत काय असते, हे 2020 साली आम्ही पाहिले. काँग्रेसच्या दुसऱ्या मतदारसंघात जवळपास 3 लाख 94 हजार मते पडली आणि मॅरिएनेट मिलर-मीक्स अवघ्या 6 मतांनी निवडून आल्या. जॅस्पर आणि लुकास काउंट्यांतल्या नोंदीच्या चुका सापडत गेल्या, तशी आघाडी इकडून तिकडे गेली. न मोजलेल्या 22 मतपत्रिकांसाठी त्यांच्या प्रतिस्पर्धी रीटा हार्ट थेट प्रतिनिधीगृहाकडे गेल्या आणि मार्च 2021 च्या अखेरीस त्यांनी अर्ज मागे घेतला. 2024 मध्ये पहिल्या मतदारसंघात मिलर-मीक्स आणि क्रिस्टिना बोहॅनन यांच्यातले अंतर होते 799 मते.

त्याच निवडणुकीच्या तोंडावर, 22 ऑक्टोबरला, राज्यातल्या निवडणुकांचे काम पाहणाऱ्या तुमच्या कार्यालयाने काउंट्यांना 2,176 नावांची यादी पाठवली. मतदान 5 नोव्हेंबरला होते. या लोकांनी कधीतरी परिवहन खात्याला ‘मी नागरिक नाही’ असे सांगितले होते, म्हणून त्यांच्या मतपत्रिका आक्षेपित म्हणून, नागरिकत्वाचा पुरावा मिळेपर्यंत न मोजता, बाजूला ठेवायच्या, असा आदेश होता. न्यायालयाने तो थांबवला नाही.

ही यादी चुकणार हे आमच्यासारख्यांना कळायला वेळ लागला नसता. माणूस व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असताना ड्रायव्हिंग लायसन्स काढतो. काही वर्षांनी शपथ घेतो, ग्रीन कार्ड परत देतो आणि मतदार म्हणून नाव नोंदवतो. परिवहन खात्यातली जुनी नोंद मात्र लायसन्सच्या नूतनीकरणापर्यंत तशीच राहते. नागरिकत्वाचे प्रमाणपत्र आम्ही बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो. फोटो डकवलेला तो मोठा कागद, आणि कायदेशीर अधिकाराशिवाय त्याची नक्कल करणे गुन्हा आहे अशी ताकीद त्याच्यावरच छापलेली. कामावरून सुटून संध्याकाळी मत द्यायला येणाऱ्या माणसाच्या खिशात तो कसा असेल?

मार्च 2025 मध्ये तुम्हीच तपासणीचा निकाल जाहीर केलात. 277 जण खरोखर नागरिक नव्हते आणि त्यांच्यातल्या 35 जणांची मते मोजली गेली होती. 35 हा आकडा सहापेक्षा मोठा आहे, हे मला मान्य आहे. ज्याला हक्क नाही त्याने मत देऊ नये, याबद्दल आमच्यात दुमत नाही. तो हक्क मिळवायला आम्ही वर्षानुवर्षे थांबलो आहोत. पण यादीतले बाकीचे बहुसंख्य लोक नागरिक होते. त्यांचे काय? कोण नागरिक आहे याची माहिती अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून वेळेत मिळाली नाही, हे तुमचे म्हणणे खरे आहे. मग तो भार मतदानकेंद्राच्या दारात उभ्या असलेल्या नागरिकाने का उचलायचा?

3 नोव्हेंबर 2026 ला पुन्हा मतदान आहे. पडताळणी आत्ताच पुरी करा, ऑक्टोबरची वाट पाहू नका. ज्याच्या नावावर शंका असेल त्याला उन्हाळ्यातच पत्र पाठवा, कोणता कागद आणि कुठे दाखवायचा ते साध्या शब्दांत लिहा. 2024 मध्ये किती आक्षेपित मतपत्रिका मोजल्या आणि किती बाद झाल्या, ते काउंटीनिहाय जाहीर करा. आणि ज्या नागरिकांची नावे चुकून त्या यादीत गेली, त्या प्रत्येकाला तुमच्या सहीचे पत्र जाऊ द्या: तुमचे नाव साफ आहे, या आणि मत द्या.

आपला,
स्कॉट काउंटीतील एक मतदार