मिरजेच्या सतारमेकर चाचांना

चाचा, सलाम आणि नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात आणून देता आलं असतं. सांगली-मिरज काही लांब नाही, आणि काही ना काही निमित्तानं मी गल्लीत येतेच. पण समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं, तो तानपुरा काढा बघू" म्हणून विषय मिटवता. शिवाय मला हे चारचौघांत सांगायचं आहे. मैफल रंगली की गायकाचं नाव होतं. साथीदारांची नावं माइकवरून घेतात, मागं तानपुऱ्यावर बसलेल्या मुलींचीही घेतात. तो तानपुरा ज्यानं घडवला, सकाळी त्याची जवारी ज्यानं काढून दिली, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवून दिला, त्याचं नाव मी आजवर एकाही निवेदकाकडून ऐकलेलं नाही. छापून आलेलं तुम्हाला आवडत नाही म्हणून मीही नाव लिहीत नाही. सतारमेकर गल्लीत हे पत्र कोणाचं आहे ते कोणीही सांगेल.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढली आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. आमचा क्लास नदीकडच्या पेठेत, तळमजल्यावर. म्हातारी माणसं आणि लेकरं बाहेर काढली, बाकी सगळं आत राहिलं. पाणी उतरल्यावर दार ढकललं तर तानपुरे चिखलात पालथे पडलेले. भोपळा पोकळ, त्यामुळे पाण्याबरोबर ते तरंगत वर गेले होते आणि पाण्याबरोबरच खाली आले होते. सरस विरघळून सांधे सुटले होते, तबल्या, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी फळ्या, फुगल्या होत्या, खुंट्या जागच्या हलत नव्हत्या. वीस-बावीस वर्षं ज्यांच्यावर पोरांनी सा लावला, ती वाद्यं मला हातात घ्यायची भीती वाटली.

त्या दुपारी तुमचा फोन आला. मी केला नव्हता, तुम्ही केलात. "बाई, उन्हात ठेवू नका. तारा सोडा, चिखल स्वच्छ पाण्यानं धुवा, सावलीत आडवे ठेवा. घाई केली तर भोपळा तडकेल." दुसऱ्या दिवशी तुमचा धाकटा मुलगा टेंपो घेऊन आला. त्यात आमच्या आधीच भजनी मंडळांच्या वीणा होत्या आणि एका म्हाताऱ्या मास्तरांची सतार होती. कोणाला नवं वाद्य घेणं झेपायचं नाही, हे तुम्हाला घराघराचं ठाऊक होतं. त्याच टेंपोतून चाचींनी पूरग्रस्तांसाठी भाकऱ्यांच्या चळती पाठवल्या होत्या. मिरजेतल्या किती घरांतून तेव्हा सांगलीला जेवण येत होतं, ते आम्ही खाल्लेल्या माणसांनाच माहीत.

पावसाळी हवेत भोपळा वाळायला किती वेळ लागतो ते मी तेव्हा पाहिलं. तुम्ही एकदाही घाई केली नाहीत. दिवाळीनंतर एकेक तानपुरा जोडून, लाखेचं पॉलिश चढवून परत आला. मजुरी विचारली तर म्हणालात, "तारा मी विकत आणतो, तेवढे पैसे द्या. हाताचे नंतर बघू." ते "नंतर" अजून आलेलं नाही.

त्या काळात माझी एक विद्यार्थिनी तुमच्याकडे रोज येऊन बसायची. तिला तुम्ही जवारी दाखवलीत, आणि तिच्याबरोबर मीही नव्यानं शिकले. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित उतार असतो. तार त्या उताराला घासत थरथरते, म्हणून एकाच तारेतून वरचे सूर एकामागून एक उमलत येतात. कानस एक हात जास्त फिरली की आवाज बंद पडतो. मग तारेखालचा तो दोरा केसभर पुढं, केसभर मागं. तुम्ही डोळे मिटून ऐकता आणि "हं, आता बोलतोय" म्हणता. तुमच्या दुकानात सूर मोजायचं यंत्र मी कधी पाहिलं नाही. ज्या हातांना आता चहाची बशी धरताना कंप येतो, ते कानस धरली की स्थिर होतात.

तुमच्या पूर्वजांचं शस्त्रांचं काम होतं. एकोणिसाव्या शतकात तलवारींची मागणी ओसरली आणि फरीदसाहेब शिकलगारांसारख्या कारागिरांनी तोच हात सतारी-तानपुऱ्यांकडे वळवला. पटवर्धन संस्थानाचा आश्रय होता, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखे गवई गावात होते, पुढं अब्दुल करीम खाँसाहेब इथंच राहिले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले. मिरजेचं नाव देशभर गेलं ते गायकांइतकंच या गल्लीमुळे गेलं, असं माझं ठाम मत आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला फार आनंद झाला. तुम्ही मात्र त्या दिवशी भोपळ्यांची काळजी करत होता.

ती काळजीही लिहायलाच हवी. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला जाऊन तुम्ही शेतात उभं राहून भोपळे निवडता. पीक बुडालं त्या वर्षीही त्या शेतकऱ्यांना दिलेली उचल तुम्ही परत मागितली नाहीत, हे मला त्यांच्यातल्याच एकानं तुमच्या दुकानात बसून सांगितलं. तुम्ही तेव्हा नमाजाला गेला होतात. 2020 च्या टाळेबंदीत कार्यक्रम बंद, दुकान बंद, तरी हाताखालच्या एकाही माणसाला तुम्ही काढलं नाहीत. त्यासाठी चाचींच्या बांगड्या गेल्या. हे चाचींनी मला सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, अभिमानानं.

लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून भोपळ्याच्या आतला गर खरवडायला लागलात, ते आज ऐंशी ओलांडल्यावरही सकाळी तुम्ही दुकानात असता. दोन्ही मुलं याच कामात टिकली, मुली शिकून नोकरीला लागल्या, नातू कॉलेजातून आला की खुंट्या बसवतो. तानपुऱ्याच्या स्वस्त इलेक्ट्रॉनिक पेट्या आल्यावर या धंद्यात मुलं टिकवणं किती अवघड झालं, ते त्या गल्लीत राहणाऱ्यालाच कळेल. तुम्ही त्यांना कधी सक्ती केली नाहीत. काम नीट झालं की त्या दिवशी घरी जेवताना तुम्ही त्याबद्दलच बोलत राहायचात, एवढंच, असं तुमचा थोरला मुलगा सांगतो.

तुमच्याकडे बसणारी ती मुलगी आता जत तालुक्यात शिक्षिका आहे. पुरातून वाचलेला एक तानपुरा मी तिला देऊन टाकला. शाळा सुटल्यावर ती गावातल्या पोरांना गाणं शिकवते, त्यांचे पैसे घेत नाही, आणि जवारी स्वतः काढते. अडलं की तुम्हालाच फोन लावते, मला नाही. ते मला फार योग्य वाटतं.

चाचा, तुम्ही आमच्या क्लासचा आवाज आम्हाला परत दिलात. त्याबद्दल मी, माझे विद्यार्थी आणि त्यांचे आईबाप तुमचे ऋणी आहोत. चाचींना माझा नमस्कार सांगा. पुढच्या आठवड्यात दोन तानपुरे जवारीला घेऊन येते आहे, तेव्हा 2019 ची मजुरीही सोबत आणणार आहे. ती घ्यावीच लागेल.

तुमची,
सांगलीच्या गाण्याच्या बाई