मीटरवर 43 हजार, प्रत्यक्षात 1 लाख 14 हजार: आपण विकलेल्या हायब्रिड गाडीबाबत तक्रार

दिनांक: 14 जुलै 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
जुन्या गाड्यांचा विक्री विभाग, पुणे

विषय: रनिंग मागे फिरवलेली व मीटर पॅनेल सदोष असलेली गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत

महोदय,

18 जानेवारी 2025 रोजी मी आपल्या पुण्यातील केंद्रातून ऑक्टोबर 2022 ची नोंदणी असलेली स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर अशा दोन्हींवर चालणारी) गाडी 12,40,000 रुपयांना घेतली. आपल्या तपासणी अहवालाच्या पहिल्याच पानावर रनिंग ठळक अक्षरांत छापले आहे: 38,412 किमी. त्याच पानावर ‘मीटर पॅनेल: उत्तम’ अशी नोंद आहे. दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. पॅनेलमुळेच रनिंगचे खोटे उघड झाले, म्हणून आधी पॅनेलबद्दल लिहिते.

मार्चपासून पॅनेल अधूनमधून काळे पडू लागले. कधी दोन मिनिटांत परत यायचे, कधी गाडी बंद करून चालू केल्यावर. आपल्या केंद्रात दोनदा दाखवले, दोन्ही वेळा ‘सॉफ्टवेअर अपडेट केले’ असे सांगून गाडी परत दिली. 21 जूनला रात्री साडेनऊच्या सुमारास कराडला जाताना खंबाटकी घाट चढत असताना पॅनेल पूर्ण गेले. वेग दिसेना, बॅटरी दिसेना, इशारे देणारे दिवे दिसेनात. बाहेर पाऊस, मागे ट्रक आणि मागच्या सीटवर माझ्या 74 वर्षांच्या सासूबाई. घाट उतरून गाडी बाजूला घेतली आणि बटण दाबले, पण गाडी बंद झाली की नाही हेच कळेना. पेट्रोल गाडीत निदान इंजिनाचा आवाज तरी सांगतो. हायब्रिड गाडी उभी असताना इंजिन बहुधा बंदच असते, आवाज नसतो. गाडी चालू असल्याचे सांगणारा ‘रेडी’चा दिवा हीच एक खूण, आणि तो दिवा त्या काळ्या पडद्यातच होता. सासूबाई उतरू लागल्या तेव्हा मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबून बसले होते. त्या वेळी गाडी जरा जरी सरकली असती तर काय झाले असते, हा विचार अजूनही मला झोपू देत नाही.

दुसऱ्या आठवड्यात गाडी ती बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी पॅनेल काढले तेव्हा ते पूर्वी उघडलेले असल्याचे दिसले. मागच्या आवरणाच्या खाचा तुटलेल्या होत्या आणि आतल्या बोर्डावर हाताने केलेल्या सोल्डरिंगच्या खुणा होत्या. त्याचे फोटो सोबत जोडले आहेत. मग त्यांनी स्कॅनर लावला. आजकाल किलोमीटरचा आकडा पॅनेलमधल्या छोट्या मेमरी चिपमध्ये असतो. तो बदलायला कोणी डॅशबोर्डखालच्या सॉकेटला यंत्र जोडतो, तर कोणी पॅनेल उघडून थेट चिपला हात घालतो. पण तोच आकडा गाडीतल्या दुसऱ्या कंट्रोल युनिटमध्येही (गाडीतल्या छोट्या संगणकात) साठवलेला होता आणि तिथपर्यंत त्या माणसाचा हात पोहोचला नव्हता. पॅनेलवर त्या दिवशी 43,602 होते, तर दुसऱ्या युनिटमध्ये 1,14,037. फरक 70,435 किलोमीटरचा. सर्व्हिस सेंटरच्या जुन्या जॉब कार्डावर ऑगस्ट 2024 ची नोंद आहे, 97,860 किमी. म्हणजे मला विकण्याच्या पाच महिने आधीच ही गाडी आपल्या अहवालातल्या आकड्याच्या अडीचपट चाललेली होती. हे जॉब कार्ड मागवायला मला एक दिवस लागला. आपण ते का मागवले नाही?

आपल्या ग्राहक सेवेने 4 जुलैच्या ईमेलमध्ये कळवले की ‘ओडोमीटरच्या आकड्याची हमी कंपनी देत नाही, गाडी घेताना ग्राहकाने स्वतः खात्री करायची असते’. मी खात्री केली होती. आमच्या ओळखीच्या मेकॅनिकला सोबत आणले होते. त्याने ब्रेक पॅड पाहिले, इंजिनाचा आवाज ऐकला आणि ‘ताई, रनिंग बरोबर वाटतंय’ म्हणाला. त्याचा दोष नाही. हायब्रिडमध्ये वेग कमी करताना मोटरच जनरेटर होऊन गाडीला रोखते आणि बॅटरी भरते, म्हणून पॅड फार कमी झिजतात. शहरात इंजिन बराच वेळ बंद असते. साध्या गाडीचे वय ज्या खुणांवरून ओळखतात, त्याच इथे फसवतात. माझ्यासारख्याच्या हातात उरतो तो मीटरवरचा आकडा, आणि आपण तो स्वतःच्या अहवालात, स्वतःच्या शिक्क्यानिशी छापून दिला होता.

या आकड्यावर किमतीपेक्षा मोठी गोष्ट अवलंबून आहे. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी 8 वर्षे किंवा 1,60,000 किमी, जे आधी होईल ते. आपल्या विक्री प्रतिनिधीने मला कागदावर हिशेब मांडून दाखवला होता: ‘अजून 1 लाख 21 हजार किलोमीटर बॅटरीची काळजी नाही.’ त्या एका वाक्यावर मी ही गाडी घेतली. खरा हिशेब त्या दिवशी 51,153 किमी होता आणि आज तो 46 हजारांच्या आत आला आहे. शिवाय मीटरमध्ये छेडछाड झाल्याचे सर्व्हिस सेंटरने लेखी नोंदवल्यामुळे उरलेली वॉरंटी तरी मान्य होईल का, हाही प्रश्न आहे.

नवीन पॅनेल बसवण्याचा आपला प्रस्ताव मला मान्य नाही. नव्या पॅनेलमध्ये आकडा कोणता भरायचा? 43 हजार भरला तर तीच फसवणूक माझ्या सहीने पुढे चालू राहील आणि उद्या ही गाडी घेणारे कुटुंब माझ्यामुळे फसेल. ते मी होऊ देणार नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेली आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेली दुरुस्ती आपल्याला माहीत असणारच. जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्याने ताब्यातील गाडीच्या फेऱ्यांची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवायची असते, आणि त्यात फेरीचे कारण, चालक, वेळ व किलोमीटर असतात. या गाडीची ती नोंदवही मला द्या. गाडी आपल्या आवारात आली त्या दिवशीचा आकडा 38 हजारांच्या आसपास असेल, तर मीटर आधीच्या मालकाकडे किंवा मध्यस्थाकडे फिरले आणि आपण न तपासता ते खरे म्हणून विकले. आकडा लाखाच्या वर असेल, तर ते आपल्याच आवारात फिरले. दोन्हींत जबाबदारी आपलीच आहे, पण खरे काय ते मला कळलेच पाहिजे.

माझी मागणी अशी: गाडी परत घ्यावी आणि 12,40,000 रुपये, आरसी हस्तांतरण, विमा व तपासणीचा खर्च मिळून सर्व रक्कम 15 दिवसांत माझ्या खात्यात जमा करावी. ही गाडी ज्यांच्याकडून आली त्यांच्याकडून घेतलेल्या इतर गाड्यांची रनिंगही सर्व्हिस रेकॉर्डशी ताडून पाहावी आणि त्या ग्राहकांना कळवावे. ही दुसरी मागणी मी सोडणार नाही.

मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार आणि पोलिसांकडे फसवणुकीची फिर्याद दाखल करेन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर 1915 क्रमांकाला फोन करून तक्रार नोंदवली आहे.

21 जूनपासून गाडी मी चालवलेली नाही. सर्व्हिस सेंटरमधून ती टोइंग करून आणली आहे आणि आमच्या सोसायटीत झाकून उभी आहे. आपला माणूस कधीही येऊन पाहू शकतो, मात्र पॅनेलला माझ्या समोरच हात लावायचा.

आपली,
एक ग्राहक, चिंचवड

सोबत: तपासणी अहवाल, विक्री करार, स्कॅन अहवाल, ऑगस्ट 2024 चे जॉब कार्ड, पॅनेलचे फोटो, 4 जुलैचा ईमेल