फुली दाबली की कोसळणारे पोर्टल : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : डिजिटल सहीचे पोर्टल बंद करताना येणारा एरर आणि त्याचे खापर आमच्या संगणकांवर फोडणारे परिपत्रक

महोदय,

सविनय नमस्कार.

आपल्या सरकारच्या एका खात्याचे पोर्टल आहे. त्यावर अर्ज आणि निविदा डिजिटल सहीने भराव्या लागतात. नाव इथे लिहीत नाही. ज्यांना ते रोज उघडावे लागते त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी ते बनवून घेतले त्यांनी ते कधी उघडून पाहिले असेल असे वाटत नाही. ३१ मार्चपर्यंत हे पोर्टल सर्व ब्राउझरवर चालेल, असे या खात्याने लेखी कळवले होते. मार्च गेला, पोर्टल होते तिथेच राहिले आणि आले ते परिपत्रक. पोर्टल बंद करताना दिसणारा एरर हा वापरकर्त्याच्या संगणकातील दोष असून संबंधितांनी आपापले संगणक दुरुस्त करून घ्यावेत, असे त्यात म्हटले आहे.

संगणक दुरुस्त करणारे आम्हीच आहोत, महोदय. म्हणून हे पत्र.

आधी दोष काय आहे ते सांगतो. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये या पोर्टलवर सही होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर (आयई) मोड, म्हणजे जुन्या ब्राउझरची सोय, लावून ते उघडावे लागते. डिजिटल सही ज्यात साठवलेली असते ते यूएसबी टोकन लावले, पिन टाकला, सही झाली, पावती छापली, इथपर्यंत सगळे सुरळीत. मग कोपऱ्यातली फुली दाबली की पडद्याच्या मधोमध चौकट उगवते : 'आयएक्सप्लोअर डॉट ईएक्सई, ॲप्लिकेशन एरर. द इन्स्ट्रक्शन ॲट अमुक रेफरन्स्ड मेमरी ॲट तमुक. द मेमरी कुड नॉट बी रीड.'

मेमरी म्हटले की लोक थेट रॅम बदलायला येतात. "मालक, रॅम गेलाय का बघा की जरा." धडधाकट रॅम काढून नवा बसवून घेतलेले कारखानदार अशोक चौकापासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत भेटतील. रॅमची पट्टी खराब असेल तर मशीन कुठेही, केव्हाही अडकते, निळा पडदा येतो. ती रोज एकाच पोर्टलवर, फुली दाबण्याचीच वाट बघत बसत नाही.

खरे कारण शोधायला पाच मिनिटे पुरतात, आपल्या सचिवालयातल्या कुणालाही जमेल. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा, eventvwr टाइप करून 'इव्हेंट व्ह्यूअर' हे संगणकाचे नोंदवही-साधन उघडा, डावीकडे विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. चौकट आली त्या वेळेची, इव्हेंट आयडी १००० असलेली लाल खुणेची नोंद सापडेल. त्यात कोसळलेल्या प्रोग्रॅमचे नाव असते, ज्याच्यामुळे कोसळला त्या मॉड्यूलचे, म्हणजे त्यातल्या भागाचे, नाव असते आणि एक्सेप्शन कोड असतो. कोड येतो सी००००००५, म्हणजे प्रोग्रॅमने आपली नसलेल्या जागेत हात घातला. आणि मॉड्यूलच्या जागी येते पोर्टलनेच डाउनलोड करायला लावलेल्या सहीच्या घटकाचे नाव, शेवटी 'अनलोडेड' (मेमरीतून उतरवलेला) असे शेपूट लावून.

त्या शेपटात सगळा निकाल आहे. सहीचा घटक टोकन लावलेले आहे की काढले, हे बघत राहण्यासाठी पाठीमागे एक थ्रेड, म्हणजे स्वतंत्र चालणारे काम, चालू ठेवतो. आपण पान बंद केले की ब्राउझर त्या घटकाला विचारतो, तुला मेमरीतून उतरवू का? घटक बेधडक हो म्हणतो. थ्रेड मात्र अजून चालूच असतो. खाली शेडमध्ये माग खडखडत असताना वरचे पत्रे काढून न्यावेत, तसला प्रकार. पुढच्या क्षणी थ्रेड जिथे पाऊल टाकतो तिथे त्याचा कोडच उरलेला नसतो, आणि प्रोग्रॅम कोसळतो. यावरची दुरुस्ती कुठल्याही जाणत्या प्रोग्रॅमरला पाठ असते : आधी थ्रेडला थांबायची खूण द्यायची, तो खरोखर थांबेपर्यंत वाट बघायची, टोकनशी उघडलेले सत्र बंद करायचे, आणि हे सगळे होईपर्यंत 'डीएलएल कॅन अनलोड नाऊ' या फंक्शनने नाही असे उत्तर द्यायचे. एवढेच. यासाठी नवी निविदा काढावी लागत नाही.

संगणकाचा दोष कधीच नसतो, असे आमचे म्हणणे नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या टोकनची सॉफ्टवेअरे एकाच मशीनवर असतात, अँटीव्हायरस आपली डीएलएल (कोडची फाइल) ब्राउझरमध्ये घुसवतो, प्रिंटरच्या सीडीबरोबर आलेला एखादा ॲड-ऑन नडतो. पण त्या वेळी नोंदीत मॉड्यूलचे नावही त्यांचेच येते. फरक ओळखायला सोपी पद्धत आहे. आयई मोडमध्ये दुसरे कुठलेही पान उघडून बंद करा, चौकट येत नाही. हे पोर्टल उघडा आणि सही न करता बंद करा, तरीही बहुधा येत नाही. सही करून बंद करा, येते. आता इंटरनेट ऑप्शन्समध्ये प्रोग्रॅम्सच्या टॅबवरून मॅनेज ॲड-ऑन्समध्ये जाऊन तो सहीचा घटक डिसेबल करा. चौकट गायब! अर्थात सहीही गायब, कारण ती करणारा तोच. एवढे झाल्यावर दोष कुणाचा हे ठरवायला समिती नेमावी लागत नाही.

आपल्या हेल्पडेस्कचे सल्ले मात्र ऐकण्यासारखे आहेत. पहिला : कॅश क्लिअर करा. कॅशमध्ये पानांच्या प्रती असतात, त्यांचा या थ्रेडशी काडीचा संबंध नाही. दुसरा : इंटरनेट एक्स्प्लोरर रीसेट करा. त्याने ॲक्टिव्हएक्सच्या, म्हणजे सहीचा घटक ज्या जुन्या तंत्राने ब्राउझरमध्ये चालतो त्याच्या, परवानग्या मूळपदावर जातात, त्या पुन्हा एकेक करून द्याव्या लागतात, आणि चौकट येतेच. तिसरा : विंडोज नव्याने टाका. त्यात अर्धा दिवस आणि टॅलीपासून टोकनपर्यंत सगळे पुन्हा बसवणे आले. यावर तक्रार करायची तर ती त्याच पोर्टलवर, त्याच डिजिटल सहीने. म्हणजे तक्रार करतानाही तीच चौकट. आणि मग तक्रारीपुढे हिरवा शेरा : 'निराकरण झाले.'

चौथा सल्ला कळस आहे. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, एचकेएलएम, सिस्टीम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, विंडोज या वाटेने जाऊन 'एरर मोड'चे मूल्य ० वरून २ करा. त्याने चौकट खरेच दिसेनाशी होते. कारण २ चा अर्थच असा की कुठल्याही प्रोग्रॅमची अशी चूक लॉगमध्ये टाका, माणसाला दाखवू नका. कोसळणे तसेच चालू राहते. वर त्या मशीनवर उद्या दुसरे काही बिघडले तर त्याचीही चौकट येणार नाही, दुरुस्त करणाऱ्याला अंधारात चाचपडावे लागणार. दुखणे राहू द्या, बोंब तेवढी बंद करा, ही सरकारी कार्यपद्धती आम्हाला नवीन नाही. ती रजिस्ट्रीतही राबवता येते, हे मात्र या हेल्पडेस्कने शिकवले.

एक चौकट आली, ओके दाबले, झाले. एवढ्याने काय बिघडते, असे मंत्रालयात वाटत असेल. बिघडते ते असे. ब्राउझर कोसळला की लॉगआउटचा निरोप सर्व्हरपर्यंत पोचत नाही. सर्व्हरच्या लेखी तो माणूस आतच बसलेला असतो. पुन्हा लॉगिन करायला गेले की 'हा वापरकर्ता आधीच लॉगिन आहे'. मग सत्राची मुदत संपेपर्यंत पंख्याखाली बसून राहा. इकडे आयएक्सप्लोअरची मेलेली प्रक्रिया कधी कधी टास्क मॅनेजरमध्ये तशीच लोंबकळत राहते आणि टोकन धरून बसते. दुसऱ्या सहीला संदेश येतो की टोकन सापडले नाही. गणवेशाची निविदा दुपारी तीनला बंद होणार असते, साखर पेठेतला शिलाई कारखानदार अडीचला दुरुस्तीचा अर्ज टाकायला परत येतो, आणि त्याचे टोकन त्याच्याच हातात असून पोर्टलला दिसत नाही. निविदा गेली की त्याला कारण विचारायला कुणी येत नाही. शिव्या दुकानदाराला. सोलापुरी शिव्या आहेत त्या, महोदय, छापता येणार नाहीत.

धरा, जिल्ह्यात अशी कामे करणारी पाचशे दुकाने आहेत. एकेका दुकानात दिवसाला दहा वेळा चौकट, दर वेळी पंधरा मिनिटे वाया. हे झाले दिवसाला साडेबाराशे तास, नुसत्या एका जिल्ह्याचे. आकडा ढोबळ आहे, मान्य. आपल्या खात्याने खरा मोजून जाहीर करावा, आम्ही आमचा मागे घेऊ.

१० फेब्रुवारी २०२३ ला सोलापूरला वंदे भारत मिळाली. मोठा समारंभ झाला. बरोबर चार दिवसांनी, १४ फेब्रुवारीला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरचा इंटरनेट एक्स्प्लोरर कायमचा बंद केला. त्याचा पाठिंबा तर आधीच, १५ जून २०२२ ला संपला होता. एजमधला आयई मोड ही जुनी पोर्टले आवरती घेण्यासाठी दिलेली मुदत आहे, किमान २०२९ पर्यंतची, आणि आपले खाते त्या मुदतीत निवांत संसार थाटून बसले आहे. ॲक्टिव्हएक्स हे १९९६ चे तंत्र. २०२५ मध्ये याच आयई मोडचा गैरवापर करून हल्ले झाले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने तो चालू करायची सोपी बटणे काढून टाकली. ज्या दारातून चोर शिरतात म्हणून कंपनीने कडी घातली, तेच दार उघडे ठेवा असे आमचे सरकार आम्हाला लेखी सांगते, आणि त्याच दारातून कोट्यवधींच्या निविदांवर सह्या करून घेते.

परिपत्रकात पुढे असेही आहे की संगणक अद्ययावत ठेवा. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. पतसंस्थांत आणि लहान कारखान्यांत त्याआधीची मशिने ढिगाने आहेत. म्हणजे नवा संगणक घ्या, पस्तीस-चाळीस हजार घाला, आणि त्यावर १९९६ च्या तंत्राचा घटक चालवा. तिथेही फुली दाबली की कोसळणार तो कोसळणारच, कारण घटक तोच.

मार्ग नाहीत असे नाही. जीएसटीच्या पोर्टलवर सही करायला ब्राउझरबाहेर चालणारी वेगळी छोटी युटिलिटी (प्रोग्रॅम) आहे. ती टोकनशी बोलते, ब्राउझर तिच्याशी बोलतो, आणि ब्राउझर बंद केला तर टोकनला फरक पडत नाही. आधारवर आधारलेली ई-साइनची सोय कायद्यात २०१५ पासून आहे. सरकारी संकेतस्थळे एकाहून अधिक ब्राउझरवर तपासलेली असावीत, असे केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून सांगत आहेत. ती कुणी वाचत नाही, कारण इथे काम मिळते सर्वांत कमी दराला, ठेकेदार दोन वर्षांत पसार होतो, आणि देखभालीचा करार ज्याच्याकडे जातो त्याच्याकडे सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमची मूळ लिखित संहिता, असतोच असे नाही. आमचा संशय असा आहे की या घटकाचा सोर्स कोड आज खात्यातही नाही, म्हणून चार ओळींची दुरुस्ती होत नाही आणि परिपत्रके निघतात. संशय खोटा असेल तर तसे लिहून द्यावे. २०१६ च्या पहिल्या वीस स्मार्ट सिटींत आमचे गाव होते. नळाला पाणी किती दिवसांआड येते ते विचारू नका, पण निदान पोर्टल तरी बंद करता यावे.

मागण्या मोठ्या नाहीत. परिपत्रक मागे घ्या. त्या घटकाची दुरुस्त आवृत्ती काढा, तिला आवृत्ती क्रमांक आणि तारीख द्या, आणि काय बदलले ते एका ओळीत मराठीत लिहा. तोवर कोसळलेली सत्रे सर्व्हरने दोन मिनिटांत मोकळी करावीत, म्हणजे माणूस ताटकळणार नाही. ही सेटिंग बदलायला कोड लागत नाही. ज्या दिवशी पोर्टलच्या दोषाने लॉगिन अडले त्या दिवशीच्या निविदांना मुदतवाढ द्या. आणि 'एरर मोड २' चा सल्ला देणारी चिठ्ठी हेल्पडेस्कच्या भिंतीवरून काढा. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या नोंदी ईव्हीटीएक्स फायलींत जपून ठेवल्या आहेत. ज्याला वाचता येतात असा एक माणूस पाठवा, चहा आमच्याकडून.

आपले,
सोलापुरातील संगणक दुरुस्ती व ऑनलाइन कामे करणारे दुकानदार

ता. क. : हे पत्र वाचणाऱ्या इतर दुकानदारांसाठी. दुरुस्ती येईपर्यंत फुली दाबू नका. आधी पोर्टलच्या आतले लॉगआउट दाबा, लॉगिनचे पान पूर्ण उघडू द्या, दहा-पंधरा सेकंद थांबा, मग टॅब बंद करा आणि टोकन सगळ्यात शेवटी काढा. चौकट आलीच तर टास्क मॅनेजरमध्ये उरलेल्या आयएक्सप्लोअरच्या सगळ्या प्रक्रिया एन्ड टास्क करून टोकन काढून पुन्हा लावा. एजमध्ये स्टार्टअप बूस्ट (एजला पाठीमागे चालू ठेवणारी सोय) बंद ठेवा. आणि आयई मोडच्या यादीत टाकलेले पान तीस दिवसांनी आपोआप गळते. सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट ब्राउझरखाली त्याची तारीख दिसते, ती निविदेच्या आदल्या दिवशी बघून घ्या.