जुनी मंगलोरी कौले टाकू नका, आपल्या बंगलीला द्या

इंदूरकर मराठी बंधुभगिनींना नमस्कार.

राजवाडा, लालबाग पाहायला लोक लांबून येतात. आपले वाचनालय ज्या बैठ्या बंगलीत भरते, तिच्यापुढे कोणी थांबत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ही बंगली. दगडी जोते, चुन्यात बांधलेल्या विटा, पुढे ओसरी, वर सागवानी वाशांवर मंगलोरी कौले. होळकरशाहीतले कारकून, मास्तर, वकील कसे राहत होते हे अशाच घरांत दिसते, महालात नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली होळकर दरबाराला नगररचनेचा जो अहवाल दिला, त्यात सरसकट पाडापाडी न करता जुनी घरे राखून सुधारणा करण्यावर भर होता. त्याच शहरातल्या बंगल्या आता एकेक करून जात आहेत.

आपली पाडायची नाही. पण चुकीच्या डागडुजीनेही ती जाईल, म्हणून कामाची रीत इथे सविस्तर सांगतो.

आधी छप्पर, तेही मृगाच्या आत. ते साधारण १२० चौरस मीटर आहे. चौरस मीटरला सुमारे १५ म्हणजे एकूण १८०० कौले, त्यांतली ६०० बदलावी लागतील. अडचण अशी की प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. खाचेत खाच बसली नाही तर वाऱ्याबरोबर पाणी आत शिरते, भिंतीवर टेकलेली वाशांची टोके आधी कुजतात आणि मागोमाग वाळवी येते. म्हणून कौले आणण्याआधी एक उलटे करून पाठीवरच्या छापाचा फोटो दाखवा. जुने सागवानही हवे आहे. नवे ओले लाकूड पीळ घेते आणि कौलांची ओळ उचलली जाते.

पूर्वेच्या भिंतीला मागे कधीतरी कंबरेपर्यंत सिमेंटचा गिलावा झाला आहे. जमिनीतली ओल विटांतून वर चढते. चुना ती बाहेर सोडतो, सिमेंट कोंडते. मग ती गिलाव्याच्या वर, छातीच्या उंचीला फुटते. तिथे पांढरा खार कापसासारखा फुललेला आहे, हात लावला तर विटेचा भुगा बोटांना लागतो. हे सिमेंट हातछिन्नीनेच काढायचे. ब्रेकर लावला तर विटेचे तोंडही निघून येते. भिंत वाळल्यावर निदान १५ दिवस भिजवलेला चुना १ भाग, वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) मिळून ३ भाग, असा गिलावा. एक थर १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि वर ओले गोणपाट. उन्हात भराभर वाळला तर तडकतो, म्हणून हे काम दिवाळीनंतर.

खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या आहेत, त्या काळ्या मातीच्या. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पागोळ्यांचे पाणी जोत्याशी मुरते तोवर भेगा बुजवून उपयोग नाही. आधी चारही बाजूंनी बाहेर उताराची फरशी, मग चुन्याने भेगा.

कौले आणि लाकूड याशिवाय चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्यांच्या मजुरीसाठी पैसे हवेत. कोणाकडे या बंगलीचे जुने फोटो किंवा नकाशे असतील तर प्रत द्यावी, ओसरीचा मूळ कठडा कसा होता ते त्यावरूनच कळेल. रविवारी सकाळी कौले उतरवून घासायला दहा-बारा माणसे लागतील. देणगी वाचनालयाच्या वेळेत स्वीकारली जाईल, पावती लगेच मिळेल.