विषय: बासरीचा सूर ६४ वर तुटतो; दुरुस्त करा किंवा पैसे परत द्या

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या सेवा केंद्राचा फोन आत्ताच ठेवला आणि लगेच हे लिहायला बसलो आहे. तक्रार तुमच्या भारतीय वाद्यांच्या सँपल लायब्ररीतल्या (खऱ्या वाद्यांचे स्वर ध्वनिमुद्रित करून संगणकावर वाजवायला दिलेल्या संचातल्या) बासरीबद्दल आहे, नव्या अपडेटनंतरच्या. खरेदीचा तपशील आधी नोंदवलेल्या तक्रारीच्या तिकिटात आहे.

मॉड व्हील, म्हणजे कीबोर्डवरचं चाक (मिडीतलं नियंत्रण क्रमांक १, सीसी १), ० ते १२७ च्या मापावर शून्यापासून सावकाश वर नेलं की ६३ पर्यंत हळुवार फुंकीचं सँपल वाजतं आणि ६४ ला एकदम जोरकस फुंकीचं. मधे काहीच नाही. अपडेटच्या आधी हे दोन थर एकमेकांत मिसळायचे, एक उतरता उतरता दुसरा चढायचा. आता लांब पंचम धरून फुगवायला जावं, तर मधेच पहिल्याला उठवून दुसराच बासरीवाला येऊन बसल्यासारखं वाटतं.

दुसरं सीसी ११ चं. ७ ने मिक्समधली पातळी ठरवायची आणि त्या पातळीच्या आतले चढउतार ११ ने करायचे, हे तुम्हाला मी सांगायला नको. अपडेटनंतर मात्र प्रत्येक नव्या स्वराला ११ आपोआप १२७ वर जातो. ओळ हळूहळू सोडत आणावी आणि पुढचा स्वर धाडकन आदळावा, असं चाललंय.

पुरावे दिले आहेत. मिडी मॉनिटरची, म्हणजे येणारे मिडी आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची, सीसी १ ची नोंद पाठवली: ६१, ६२, ६३, ६४, ६५, एकही आकडा गळलेला नाही. कीबोर्ड काढून ठेवला आणि सॉफ्टवेअरमध्ये माऊसने सीसी १ ची सरळ चढती रेघ ओढली, तरी ६४ ला तीच उडी. मित्राच्या मशीनवर तुमची जुनी आवृत्ती अजून आहे. तीच फाइल तिथे अखंड वाजते. याहून अधिक ग्राहकाने काय द्यायचं?

आणि आज फोनवर काय ऐकावं लागलं, ते वाचा.

"सर, व्हेलॉसिटी वाढवून बघा."

मी म्हटलं, व्हेलॉसिटी म्हणजे पट्टी किती जोरात दाबली ते. स्वर सुरू होताना ती एकदाच जाते, पुढे स्वर धरून ठेवला तरी बदलत नाही. पियानोला तेवढं पुरतं, कारण हातोडी तारेवर आपटली की वादकाच्या हातात फारसं उरत नाही. बासरीत स्वर लागल्यावर खरं काम सुरू होतं.

"मग तुमचा कीबोर्ड खराब असेल."

कीबोर्ड जोडलेलाच नव्हता, तिकिटात लिहिलंय.

"मग पेडलची पोलॅरिटी उलटी असेल."

पेडलही जोडलेलं नव्हतं, तेही लिहिलंय. म्हणजे तिकीट उघडूनही बघितलं नव्हतं. आणि मग हे:

"सर, नाटकाचंच पार्श्वसंगीत आहे ना? एवढं बारीक कोण ऐकतं?"

मी ऐकतो. आमची दिग्दर्शिका ऐकते. भरत नाट्य मंदिरात शेवटच्या रांगेत बसलेला माणूसही ऐकतो. हे सवाई गंधर्व महोत्सवाचं शहर आहे, इथे माणसं तासन्‌तास मांडी घालून सूर ऐकतात. ज्या प्रवेशासाठी ही बासरी आहे, त्यात आई मुलाचे कपडे एकेक करून घडी घालते. एकही संवाद नाही. मध्यमावरून गंधारावर येणारी मींड पिच बेंडने (सूर वरखाली सरकवणाऱ्या नियंत्रणाने) घेतली आहे आणि तिच्याबरोबर फुंक कमी होत जाते. मींड निम्म्यावर असताना सीसी १ चौसष्टच्या खाली आला, की बासरी एकदम पातळ होते. तालमीत नटीचा हात त्या जागी थांबला आणि तिने वर ध्वनीकक्षाकडे बघितलं. "एवढं बारीक" म्हणतात ते हे. आणि हेच तुम्ही "श्वासागणिक अभिव्यक्ती" म्हणून जाहिरातीत विकलंत.

एकाच बासरीची दोन सँपल्स फेज (ध्वनिलहरींचे चढउतार) जुळवून मिसळणं सोपं नसतं, नाहीतर दोन बासऱ्या एकदम वाजल्यासारख्या ऐकू येतात. तुमच्या लोकांनी ते जमवलं होतं. म्हणून मी ही लायब्ररी घेतली, बरोबरीच्या कितीतरी जणांना घ्यायला लावली. जमलेलं काम तुम्ही स्वतःच्या हाताने मोडलंत, याचं मला फार वाईट वाटतं.

मला जुनी आवृत्ती उतरवून घेण्याची सोय आजच्या आज हवी. सीसी १ आणि ११ दोन्ही दुरुस्त करून १५ दिवसांत अपडेट द्या. जमत नसेल तर पूर्ण पैसे परत करा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे तुमचं मुख्यालय कुठेही असलं तरी तुम्हाला पुण्याच्या ग्राहक आयोगापुढे यावं लागेल. मॉनिटरची नोंद, दोन्ही आवृत्त्यांचं रेकॉर्डिंग आणि तुमची जाहिरात, सगळं जपून ठेवलेलं आहे.

पुन्हा सांगतो, ६४ वर सूर तुटतो. पुढचा फोन हे थर ज्याने बसवले त्या माणसाने करावा. व्हेलॉसिटी वाढवा असं सांगणारा फोन मी घेणार नाही.

आपला ग्राहक,
कोथरूड, पुणे