जबडा विकत मिळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या व्हिडिओ गेमवरचा लेख वाचला. 'ई.व्ही.ओ.: सर्च फॉर ईडन' हा गेम खेळता खेळता डार्विन शिकवतो, असं त्यात म्हटलंय. लेखकाने गेम मनापासून खेळलेला दिसतो. डार्विन मात्र परीक्षेपुरताच वाचला असावा.

मी ३१ वर्षं दहावीला विज्ञान शिकवलं. गेल्या दिवाळीत मुलगा अमेरिकेहून त्याचं जुनं सुपर निन्टेन्डो, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, घेऊन आला. सोबत २२० व्होल्टचे ११० करणारा, विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर. एनिक्स या जपानी कंपनीचा हा गेम १९९२ साली जपानात आला, पुढच्या वर्षी अमेरिकेत. नातवाने कंट्रोलर माझ्या हातात कोंबला आणि मी मासा झाले. जेलीफिश मारायचे, त्यांचं मांस खायचं, गुण साठवायचे आणि त्यांतून जबडा, पर, शेपूट घ्यायची. "आजी, शिंगावर उडवू नकोस, आधी जबडा घे!" इति नातू. पुढे उभयचर, मग डायनोसॉरांचा काळ, मग हिमयुगातले सस्तन प्राणी. दोन रात्री जागले, खोटं कशाला सांगू? मोठ्या शत्रूसमोर जीव जायला आला की घाईघाईने एखादा अवयव बदलायचा, की तब्येत पुन्हा ठणठणीत! ही युक्ती तर मला फारच आवडली.

पण हा डार्विन नव्हे, हा लामार्क आहे: प्राण्याने आयुष्यात कमावलेला बदल पिल्लांना मिळतो, असं डार्विनच्या आधी म्हणणारा फ्रेंच शास्त्रज्ञ. आपल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच पाठ, 'आनुवंशिकता व उत्क्रांती', काढून बघा. मान ताणून ताणून लांब मानेचा झालेला जिराफ त्यात आहे. गेममध्ये तोच जिराफ, फक्त मान ताणायच्याऐवजी विकत घ्यायची. खऱ्या माशाला हवा म्हणून जबडा मिळत नाही. पिल्लं उपजतानाच थोडी थोडी वेगळी निपजतात, ज्यांचं वेगळेपण त्या पाण्यात उपयोगी पडतं ती जास्त जगतात आणि त्यांना जास्त पिल्लं होतात. आपल्याकडे किती पिढ्या कान टोचताहेत, तरी दर तान्ह्यामागे सोनाराकडे जावंच लागतं ना?

गेमवर माझा राग नाही. उलट विज्ञानाच्या शिक्षकांनी तो वर्गात दहा मिनिटं जरूर लावावा आणि 'यात काय चुकलं?' एवढंच विचारावं. जिराफाच्या चित्रापेक्षा मुलं लवकर पकडतील.

नातवाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग पिल्लू झालं की आपण पिल्लू व्हायचं?"

"हो. आणि त्याला जबडा कसला मिळेल ते तू ठरवायचं नाहीस."

"मग बटण कशाला दाबायचं?" असं म्हणून त्याने कंट्रोलर परत घेतला.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा