मित्रास पत्र : संगणक आवाजाने चालवण्याविषयी

उभादांडा, वेंगुर्ले
२१ जुलै

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुझा आवाज ऐकला आणि जीव भांड्यात पडला. चार महिने होऊनही उजवा हात साथ देत नाही हे ऐकून वाईट वाटले. पण तुझे बोलणे पूर्वीइतकेच स्वच्छ राहिले आहे, आणि संगणक आवाजाने चालवण्याच्या ज्या कामाविषयी तू मला सविस्तर लिहायला सांगितलेस त्या कामाचे खरे भांडवल तेच आहे. चिरंजीवांनी आणलेला संगणक तू माऊस धरता येत नाही म्हणून झाकून ठेवला आहेस, असे वहिनी म्हणाल्या. त्यावरचे कापड आजच काढ.

माझी बोटे संधिवाताने आखडली त्याला आता दोन वर्षे होतील. सकाळी मूठ मिटत नाही, आणि माऊसची कळ दाबली की कळ थेट कोपरापर्यंत जाते. तुला ठाऊक आहे की १९७८ पासून मी बागेच्या वह्या ठेवत आलो आहे : आंब्याला मोहोर कधी आला, तुडतुडे कधी दिसले, ‘वेंगुर्ला-४’ आणि ‘वेंगुर्ला-७’ या काजूच्या कलमांनी कोणत्या वर्षी किती उत्पन्न दिले. कागद पिवळे पडून तुटू लागले होते आणि ते सारे संगणकावर उतरवायचे तर बोटे चालत नव्हती. त्या निकडीपोटी मी हे शिकलो. गेल्या वर्षी मिरग सुरू झाला तेव्हा आरंभ केला आणि आज एकोणीस वह्या पुऱ्या झाल्या आहेत.

सुरुवातीलाच एक भेद नीट ध्यानात घे, कारण मला तो उमगायला तीन आठवडे लागले. संगणकाला हुकूम देणे हे एक काम आणि त्याला मजकूर सांगणे हे दुसरे. खिडकी उघड, खाली सरक, या जागी टिचकी मार, हे हुकूम मी इंग्रजीत देतो; वहीतला मजकूर मात्र मराठीतच सांगतो आणि तो देवनागरीत उमटतो. ही दोन कामे दोन वेगवेगळ्या सोयींनी होतात. मी सुरुवातीला दोन्ही एकाच सोयीकडून करून घेऊ पाहत होतो, म्हणून मराठी वाक्य बोललो की पडद्यावर इंग्रजी शब्दांची अर्थहीन रांग उमटे आणि मी निराश होऊन उठून जाई.

हुकमांची सोय अशी. तुझ्या संगणकावर विंडोज ११ आहे असे चिरंजीव म्हणाले, म्हणजे ‘व्हॉइस ॲक्सेस’ त्यात असणारच. ते २०२२ च्या आवृत्तीपासून आले आणि २०२४ मध्ये त्याने जुन्या ‘स्पीच रेकग्निशन’ची जागा घेतली. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’, त्यात ‘स्पीच’, आणि तिथे ‘व्हॉइस ॲक्सेस’ची कळ. ती चालू केल्यावर पहिल्या खेपेस भाषेची फाईल इंटरनेटवरून उतरवून घ्यावी लागते. नंतर ते काम संगणकातल्या संगणकातच चालते, इंटरनेट असो वा नसो. भाषा निवडताना ‘इंग्लिश (इंडिया)’ निवड. आपल्या तोंडचे इंग्रजी वेंगुर्ल्याच्या शाळेतले आहे, ते अमेरिकन कानाला कशाला ऐकवायचे? तिथेच खाली एक खूण आहे, ती केली की संगणकात प्रवेश करताच ही सोय आपोआप सुरू होते. ती न चुकता कर, नाहीतर रोज सुरुवात करायलाच माऊस लागेल.

पडद्याच्या माथ्यावर एक पट्टी दिसू लागेल. ‘व्हॉइस ॲक्सेस वेक अप’ म्हटले की यंत्र जागे होते आणि ‘व्हॉइस ॲक्सेस स्लीप’ म्हटले की झोपते. या दुसऱ्या हुकमाची सवय पहिल्याच दिवशी लावून घे. एकदा मी यंत्र जागेच ठेवून मासे घेऊन आलेल्या बाईंशी बांगड्याच्या भावाबद्दल बोलत बसलो आणि परत येऊन पाहतो तर दुपारभर सांगितलेला मजकूर मधूनमधून खोडला गेला होता. तेव्हापासून दारात कोणी आले की आधी यंत्राला झोपवतो आणि मगच ‘या’ म्हणतो.

हुकूम शेकड्यांनी आहेत, पण मला बारा-पंधरांच्या पलीकडे गरज पडलेली नाही. त्यांतले दोन तुझ्यासारख्याला सोन्याच्या मोलाचे वाटतील. ‘शो नंबर्स’ म्हटले की पडद्यावर जिथे जिथे टिचकी मारता येते त्या प्रत्येक जागेवर एक आकडा उमटतो. मग ‘क्लिक सात’ असे इंग्रजीत म्हटले की ती कळ दाबली जाते, तिचे नाव ठाऊक असण्याची गरज नाही. जिथे आकडाही उमटत नाही, उदाहरणार्थ नकाशावर किंवा छायाचित्रात, तिथे ‘शो ग्रिड’ म्हणावे. पडद्यावर आकडे घातलेल्या चौकटी पडतात, हव्या चौकटीचा आकडा उच्चारला की तेवढ्याच भागाच्या पुन्हा लहान चौकटी पडतात, आणि असे दोन-तीनदा केले की माऊसचा बाण अचूक जागी पोचतो. हात न लावता बाण सरकताना मी प्रथम पाहिला तेव्हा मला गलबलून आले होते, हे तुझ्यापासून कशाला लपवू? चूक झाली तर ‘अन्डू दॅट’ आहेच.

आता मराठीकडे वळतो, कारण तू खरे तर त्यासाठीच विचारले आहेस. विंडोजची खिडकीची खूण असलेली कळ आणि ‘एच’ ही कळ एकत्र दाबली की श्रुतलेखनाची लहान पट्टी उघडते, आणि कळफलकाची भाषा त्या वेळी मराठी असेल तर ती मराठी ऐकते. भाषा बदलायला खिडकीची कळ आणि स्पेसबार. या दोन्ही जोड्या डाव्या हाताने दाबता येतात. एकाच वेळी दोन कळा दाबणे जड गेले तर शिफ्टची कळ लागोपाठ पाचदा दाब, म्हणजे ‘स्टिकी कीज’ सुरू करायचे का असे संगणक विचारेल. हो म्हटलेस की कळा एकीमागून एक दाबल्या तरी चालतात. मी आधी व्हॉइस ॲक्सेसला झोपवतो आणि मग हे श्रुतलेखन उघडतो, म्हणजे एका आवाजावर दोन कान टपून बसत नाहीत. क्रोम उघडून गूगल डॉक्समध्ये काम करणार असशील तर तिथेही ‘व्हॉइस टायपिंग’ आहे. गूगलने २०१७ च्या ऑगस्टमध्ये आवाजाने लिहिण्याच्या आपल्या सोयीत मराठी आणली तेव्हापासून माझा भाचा गूगलचीच सोय वापरत आला आहे. मराठी श्रुतलेखनाच्या या दोन्ही सोयींना इंटरनेट लागते. आमच्याकडे पावसाळ्यात झाड पडून तार तुटली की दोन दोन दिवस ते बंद राहते आणि मी तेवढ्यात जुना मजकूर वाचून दुरुस्त करतो. आवाज बाहेर जातो, म्हणून बँकेचे आकडे आणि परवलीचे शब्द कधीही तोंडाने सांगू नकोस.

तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेस, म्हणून हे तुला आवडेल : १९५२ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये, म्हणजे टेलिफोनवाल्यांच्याच घरात, ‘ऑड्री’ नावाचे यंत्र बनले आणि त्याला फक्त शून्य ते नऊ हे अंक ओळखता येत, तेही बोलणाऱ्याच्या आवाजाशी ते जुळवून घेतले असेल तरच नीट. पुढे १९६२ मध्ये आयबीएमने दाखवलेल्या ‘शूबॉक्स’ यंत्राची मजल सोळा शब्दांपर्यंत गेली. ती यंत्रे सुटे शब्द ओळखत. आजची सोय शेजारच्या शब्दांवरून शब्द ठरवते, आणि याच कारणाने अडखळत एकेक शब्द बोलण्यापेक्षा अख्खे वाक्य एका लयीत बोललेले तिला अधिक चांगले कळते. मी नुसते ‘बोंडू’ म्हणालो तेव्हा पडद्यावर ‘बंडू’ उमटले; ‘काजूचे बोंडू गोळा करून गर वेगळा केला’ असे सलग म्हणालो तेव्हा बोंडू बोंडूच राहिला. गावांची नावे मात्र वाक्यात घालूनही कधी कधी बिघडतात. मोचेमाड आणि होडावडे मी हाताने दुरुस्त करतो. आणि मालवणीत सांगायला जाऊ नकोस. ‘माका’ म्हटले की ‘मका’ येतो. आपल्या आईची भाषा अजून त्या यंत्राच्या कानात पोचलेली नाही याचे मला मनापासून दुःख आहे. आजीची वाक्ये वहीत जशीच्या तशी आहेत. ती मी दुखऱ्या बोटांनी एकेक अक्षर शोधून लिहिली आणि त्याला लागला तेवढा वेळ दिला.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला म्हणशील तर मायक्रोफोनने. लॅपटॉपमधला मायक्रोफोन तुझ्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर आणि कौलांवरचा पाऊस असे सारेच उचलतो. माझे टेबल पडवीत होते आणि पडवीवर पत्रे आहेत. आषाढातली सर आली की दोन फुटांवर बसलेल्या माणसाला ऐकू येत नाही, तिथे यंत्राला काय येणार? मी टेबल माजघरात हलवले, जिथे भिंती मातीच्या आणि वर माळा आहे, आणि वायरचा, यूएसबीला जोडायचा, तोंडापाशी दांडी येणारा हेडसेट आणला. दांडी ओठांच्या समोर नको, कोपऱ्याशी दोन बोटे अंतरावर असावी. समोर धरली तर ‘फ’ आणि ‘भ’ म्हणताना श्वास आदळून शब्द फुटतो. मग ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’, ‘साऊंड’, आणि ‘इनपुट’खाली तोच हेडसेट निवडलेला आहे ना, हे पाहून घे. मी पंधरा दिवस हेडसेट डोक्यावर घालून बोलत होतो आणि संगणक ऐकत होता लॅपटॉपच्या मायक्रोफोनने. पुण्यात तुला पावसाचा त्रास आमच्याइतका नसेल, पण रस्त्याकडची खिडकी बंद ठेव आणि दूरदर्शन संच त्या खोलीत नसू दे.

सलग वीस मिनिटांहून जास्त बोलू नकोस. घसा बसतो, स्वर बदलतो आणि चुका वाढतात, मग माणसाला वाटते की आपल्याला जमतच नाही. जवळ कोमट पाण्याचा तांब्या ठेव. ओरडू नकोस, वहिनींशी जेवताना बोलतोस तितकाच आवाज पुरे. विरामचिन्हांच्या मागे सुरुवातीला लागू नये असे माझे ठाम मत आहे. विचार तुटतो. मी सगळे सांगून होईपर्यंत थांबतो आणि दुसऱ्या दिवशी स्वल्पविराम नि पूर्णविराम घालतो.

हे पत्रही असेच सांगून लिहिले आहे. तीन सकाळी लागल्या, कारण काल दुपारपासून वीज नव्हती. हेडसेट मी घेऊन ठेवला आहे आणि भाचा येत्या शुक्रवारी पुण्याला निघतो आहे, त्याच्याबरोबर पाठवतो. तो शनिवारी तुझ्याकडे थांबेल आणि वर लिहिलेली सगळी मांडणी करून देईल. त्याच्या समोरच एकदा ‘शो नंबर्स’ म्हणून पाहा. रविवारी चारनंतर मी फोनजवळ आहे. आणि पहिला मजकूर म्हणून दुसरे काही सुचले नाही तर आपण दोघे शिरोड्याच्या मिठागरांवर सायकलने गेलो होतो त्या दिवसाविषयी सांग; त्यातले अर्धे मी विसरलो आहे आणि तुला सगळे आठवते.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
बाकावरचा सोबती